रुवैसकाकांची दहा मिनिटं

रुवैसकाकांना "चहा घेणार का?" असं विचारलं तरी ते आधी विचार करायचे. खरोखरचा विचार. मान किंचित खाली, नजर स्वतःच्या पायाच्या अंगठ्यावर, आणि हॉलमध्ये पूर्ण शांतता. आई आधण चढवून, साखर-पावडर घालून मोकळी व्हायची तेव्हा कुठे बाहेरून उत्तर यायचं, "हो, घेईन." पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटायचं, यांना ऐकू कमी येतं. एकदा आईनं हसत विचारलंच, "काका, एवढा काय हो विचार करता?" त्यावरही ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तुम्ही विचारायला वेळ काढलात वहिनी. मी उत्तराला नको का काढायला?"

त्यांचं खरं नाव आम्हा मुलांना फार उशिरा कळलं. रुवैसहून यायचे म्हणून रुवैसकाका. अबुधाबीपासून बसनं अडीच-तीन तास पश्चिमेला गेलं की एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळू आणि मध्ये ती रिफायनरी. काका तिथे टँक गेजर होते. टाकीत तेल किती आहे ते वर चढून, आत टेप सोडून मोजायचं, खाली येऊन लिहायचं, मग दुसऱ्या टाकीवर चढायचं. गुहागरकडचं एक खेडं सोडून ते ऐंशीच्या सुमारास आले आणि कॅम्पमधल्या एका खोलीत आणखी तिघांबरोबर राहू लागले. बायको आणि मुलगा गावी. शिवाय ते कवी होते. खोलीतल्या तिघांना हे बरीच वर्षं माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, हा माणूस घरी फार लांबलचक पत्रं लिहितो.

बाबांची आणि त्यांची गाठ पडली ती गणपतीच्या एका कार्यक्रमात. कुणाच्या तरी व्हिलात पाचशे-सहाशे मराठी माणसं जमली होती. नाट्यछटा झाली, लावणी झाली, आणि मग इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक काळासावळा, सडसडीत माणूस माइकसमोर येऊन उभा राहिला. बराच वेळ काही बोललाच नाही. मग त्यानं चार ओळी म्हटल्या:

टाकीच्या माथ्यावर उभा राहून
मी तळाचा अंदाज घेतो.
देवा, तू तळ आहेस
की टेप संपल्याची जागा?

लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. निवेदक म्हणाला, "वा, वा, जरा जड होतं, पण छान होतं." काका माइकपासून निघाले होते, ते परत वळले. "जड असल्याशिवाय तळाला जात नाही," एवढं शांतपणे सांगून खाली उतरले. टेपच्या टोकाला पितळेचं वजन असतं, त्याबद्दल ते बोलत होते. पण हे तिथे कुणाला माहीत असणार? हशा पिकला. बाबा मात्र हसले नाहीत. ते स्टेजमागे गेले आणि त्यांना घरी जेवायला घेऊन आले.

त्या वेळी मी अकरा वर्षांची होते. अबुधाबीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये आणि आसपास मिळून सात मराठी मुलं. आया मराठीत विचारायच्या आणि आम्ही इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचो. बाबांच्या मनात आलं की या माणसानं शुक्रवारी येऊन पोरांना मराठी शिकवावं. "दादा, एवढ्या लांबून बोलावणं बरं नाही, पण विचारतो," असं म्हणून त्यांनी विचारलं. काकांनी नेहमीसारखा वेळ घेतला. मग म्हणाले, "येईन. पैसे नकोत. जेवायला वरण-भात असला तर बरं. आणि शेवटची दहा मिनिटं माझी. मी कविता म्हणेन, पोरांनी ऐकायची. कळायला पाहिजे असं नाही, उठून जायचं नाही एवढंच."

ते महिन्यातून दोन शुक्रवार यायचे. इलेक्ट्रा रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलमध्ये सतरंजी पडायची. पहिल्या दिवशी त्यांनी तासभर फक्त 'आहे' हा एक शब्द शिकवला. पाणी आहे. भिंत आहे. आई आत आहे. तिची हाक आली म्हणून आई आहे. हाक नाही आली तरी आहे का? माझ्याशेजारचा मुलगा म्हणाला, "Obviously." काकांना राग येत नसे. "हे झालं रस्त्यावरचं उत्तर," ते म्हणायचे, "आता घरातलं दे." त्या मुलानं खूप शोधाशोध करून "असेलच की" असं दिलं, आणि काकांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

पण ती शेवटची दहा मिनिटं आम्हाला नको व्हायची. देव, तळ, रिकामी जागा, आत बसलेलं कुणीतरी. मी सगळ्यांत मोठी, आणि त्यामुळे सगळ्यांत जास्त वैतागलेली. एका शुक्रवारी काका यायच्या आधी मी आईची मेजरिंग टेप घेतली, सोफ्यावर चढले आणि त्यांची नक्कल सुरू केली. मान खाली घालून टेप सोडायची, जड आवाजात "देवाऽऽ" म्हणायचं. पोरं लोळत होती. मग ती एकदम गप्प झाली. काका दारात उभे होते. केव्हापासून, कुणास ठाऊक.

मला वाटलं, आता बाबांना सांगतील. त्यांनी पिशवी खाली ठेवली, जवळ आले आणि म्हणाले, "बाय, टेप अशी नाही धरायची. आणि आधी कठड्याला हात लावायचा, तो विसरलीस. अंगातली वीज लोखंडाला देऊन टाकायची, मगच झाकण उघडायचं. नाहीतर एक ठिणगी पुरते." त्या दिवशी मराठीचा तास झालाच नाही. सोफा ही टाकी झाली. वारा पाठीशी घेऊन कसं उभं राहायचं, वजन तळाला टेकल्याचं बोटांना कसं कळतं, टेपला लावलेल्या पेस्टवर तेलाची रेघ कशी उमटते, हे सगळं त्यांनी आम्हा सातही जणांकडून करून घेतलं. शेवटी म्हणाले, "मी तेल कधी बघतच नाही. फक्त टेप बघतो. ती ओली होऊन आली म्हणजे खाली काहीतरी आहे." त्यानंतर मी त्यांची नक्कल केली नाही. दहा मिनिटं ऐकायला लागले, असं म्हणणं मात्र खोटं होईल. ते पुष्कळ पुढे झालं.

काकूंचं पत्र आलं की ते खिशात घालून आणायचे. आम्हाला वाचून दाखवायचे नाहीत, पण त्यातलं एखादं वाक्य सांगायचे. एकदा त्यांनी आपल्या चार कविता काकूंना लिहून पाठवल्या. उत्तर आलं, "कवितेतलं काही कळलं नाही, पण अक्षर सरळ आलंय, म्हणजे तब्येत बरी असावी." हे सांगताना काका इतके खूश होते की आईनं त्यांना दोनदा वाढलं तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. "गणपतीतल्या पाचशे लोकांत कुणाला हे वाचता आलं नाही वहिनी," ते आईला म्हणाले. आई नंतर ओट्यापाशी म्हणाली, "या माणसानं खरं तर घरी असायला हवं." मी आपलं ऐकलं न ऐकलंसं केलं.

मी अकरावीत असताना ते लागोपाठ चार शुक्रवार आले नाहीत. मग बाबांना रुवैसहून फोन आला. काका टाकीच्या जिन्यावरून उतरताना पायरी चुकले होते. मागच्या माणसानं कॉलर धरली म्हणून वाचले. कंपनीच्या डॉक्टरनं तपासलं, अबुधाबीच्या हॉस्पिटलमध्ये पाठवलं. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, आणि तो कितीतरी वर्षांपासून. बाजूचं दिसणं जवळजवळ गेलेलं, मध्ये थोडंसं उरलेलं. नळीतून पाहिल्यासारखं. गेलेलं परत येणार नव्हतं, उरलेलं किती टिकेल हे कुणी सांगत नव्हतं.

"तुम्हाला कळलं कसं नाही?" बाबांनी विचारलं. काका आमच्याकडेच उतरले होते. ते म्हणाले, "कडेनं धूसर व्हायचं. मला वाटायचं धूळ आहे. तिकडे धूळ असतेच." मग थोडं हसले. "सुपरवायझर भला माणूस. आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, खलास, हबीबी. मी त्याला म्हटलं, इन्शाल्ला." कंपनीनं त्यांना सहा महिने खाली ऑफिसात फोनवर बसवलं, आणि त्यानंतर व्हिसा संपणार असं ठरलं.

त्या सहा महिन्यांत ते दर शुक्रवारी यायचे. आता मराठीचा वर्ग नव्हता; सातांतली चार मुलं देश बदलून गेली होती. काकांना त्यांची वही वाचता येत नव्हती. एका वेळी तीन-चार अक्षरं दिसायची, ओळ हरवायची. पानभर खोडलेलं, समासात लिहिलेलं, बाणांनी जोडलेलं. त्यांनी मला विचारलं, "बाय, मी सांगेन ते लिहून घेशील? पाठ आहे बरंचसं." माझं मराठी लिहिणं तेव्हा चौथीतल्या मुलासारखं होतं. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "मग दोघांनाही सारखंच दिसतंय."

एकेका ओळीला पाच-पाच मिनिटं जायची. मी लिहायचे आणि प्रत्येक अक्षर त्यांना तोंडी सांगायचे. 'नाही' मी ऱ्हस्व लिहिलं, तर म्हणाले, "दीर्घ कर. नाही म्हणायला माणसाला वेळ लागतो." 'आहे'पाशी आलो की खूश व्हायचे: "यात चुकायला जागाच नाही बघ." माझ्या आयुष्यातलं सगळं मराठी त्या सहा महिन्यांतलं आहे. एका शुक्रवारी त्यांनी सांगितलं:

तू नाहीस म्हणावं, तर
हे नाही म्हणणारं कोण बसलंय आत?
आणि तू आहेस म्हणावं, तर
एवढी जागा रिकामी कुणी ठेवली?

मी शेवटचं प्रश्नचिन्ह काढलं आणि पेन तसंच राहिलं. हीच कविता मी सतरंजीवर बसून निदान तीनदा ऐकली होती, खिडकीबाहेरच्या गाड्या मोजत. आता ती माझ्याच अक्षरात माझ्यापुढे होती. काका थांबले होते. "लिहिलंस?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मला आणखी काही बोलायचं होतं, पण माझ्याकडे तेवढं मराठी नव्हतं.

मग एकदा त्यांनी ते सांगितलं, जे त्यांनी बाबांनाही सांगितलं नव्हतं. दोन वर्षांनी एकदा त्यांना घरी जायची सुट्टी मिळायची. त्यांतली एक सुट्टी त्यांनी एका सोबत्याला दिली होती, त्याचे वडील वारले म्हणून. ते ठीक. त्याच्या पुढची त्यांनी स्वतःच घेतली नाही. "एक मोठी कविता चालू होती," ते म्हणाले. "त्याच्याबद्दलच. जो दिसत नाही त्याच्याबद्दल. वाटलं, गावी गेलो की तुटेल. तिला कळवलं, साहेब सोडत नाही." मी लिहायचं की नाही ते मला कळेना. "हे लिहू नको," ते म्हणाले. "पाच वर्षं झाली बाय, तिला बघून. डॉक्टरनं विचारलं, किती दिवसांपासून कमी दिसतंय, तेव्हा मी तेच मोजत होतो. न दिसणाऱ्याच्या मागे लागलो आणि दिसायचं ते राहून गेलं."

मी सतरा वर्षांची. मी पाणी आणायला उठले आणि स्वयंपाकघरात बराच वेळ उभी राहिले. परत आले तर ते पुढची ओळ जुळवत होते:

दिवा मालवणाऱ्या,
हात दिसू दे तुझा एकदा.
मग खुशाल मालव.

एकूण त्रेचाळीस कविता झाल्या. बाबांनी ठरवलं, काका जायच्या आधी याचं पुस्तक करायचं. छापखाना वगैरे नाही. बर दुबईत मीना बाजारच्या मागे बाबांच्या ओळखीच्या एका गुजराती माणसाचं झेरॉक्सचं दुकान होतं. माझ्या अक्षरातलीच पानं, चाळीस प्रती, वर निळा पुठ्ठा. आम्ही तिघं अबुधाबीहून गाडीनं गेलो. दुकानदारानं पुठ्ठ्यावर काय लिहू विचारलं. काकांनी इतका वेळ घेतला की मागची दोन गिऱ्हाइकं उरकली. "काही नको," शेवटी म्हणाले. "उघडल्याशिवाय कळू नये."

प्रती बांधून होईपर्यंत आम्ही तिथल्या गल्लीतल्या देवळात गेलो. हारांच्या दुकानांमधून मी त्यांचा हात धरून नेत होते. रांग मोठी होती. मी विचारलं, "काका, तुम्ही तर सगळ्या कवितांत देवाशी भांडता. मग रांगेत कशाला?" ते म्हणाले, "भांडायला तरी समोर यावं लागतं ना." पण समोर गेल्यावर काहीच बोलले नाहीत, हातही जोडले नाहीत. नळीतून बघावं तसं मान हळूहळू फिरवत पाहत राहिले, मागचा माणूस "यल्ला भाई, चलो" म्हणेपर्यंत.

येताना त्यांना खाडी ओलांडायची होती. अब्रा म्हणजे तिथली लाकडी होडी, वर छप्पर, कडेनं माणसं बसतात. काकांनी होडीवाल्याला विचारलं, "पानी कितना गहरा है?" तो सुकाणू न सोडता म्हणाला, "गिरेगा तो मालूम पडेगा, चाचा." काका मोठ्यानं हसले. मी त्यांना इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. पलीकडच्या काठाला लागेपर्यंत ते मधूनमधून हसतच होते. "वीस वर्षं वर चढून विचारतोय," ते म्हणाले, "इतकं सरळ उत्तर कुणी दिलं नाही."

ते कायमचे गावी निघाले तेव्हा माझी बारावीची परीक्षा तोंडावर होती. बाबा विमानतळावर सोडायला गेले, मी गेले नाही. लिफ्टपाशी निरोप घेतला. मी विचारलं, "काका, भीती वाटते?" लिफ्ट आली, दार उघडलं, परत बंद झालं, खाली गेली. ते विचार करत होते. मग म्हणाले, "तिला मी पत्रातून माहीत आहे. आता अख्खा माणूस जाणार. तिला चालेल का, याची वाटते." त्यांनी निळ्या पुस्तकांतल्या दहा प्रती नेल्या. बाकीच्या वाटल्या. वर्षभरानं त्यांतली एक मी एका ओळखीच्या घरी टीव्हीखाली, टेकू म्हणून दिलेली पाहिली. मी ती मागून घेतली. तीच आता माझ्याकडे आहे.

मी कॉलेजला पुण्याला आले. पुण्याहून त्यांचं गाव म्हणजे एका रात्रीची एसटी. या सुट्टीत जाऊ, पुढच्या सुट्टीत जाऊ असं करता करता दोन वर्षं गेली. एकदाच फोनवर बोलले, त्यांच्या शेजाऱ्यांकडे फोन होता. "कसे आहात?" म्हटलं आणि पलीकडून काही आवाजच येईना. एसटीडी बूथवर आकडे पळत होते. मला घाई झाली, मागे रांग होती. "काका, मी येतेच आहे तिकडे," असं म्हणून मी ठेवून दिला. त्यांचं उत्तर आलंच नाही, की यायचं होतं, हे मला कधी कळणार नाही.

त्यानंतर चारेक महिन्यांनी बाबांचा फोन आला. काका गेले होते, आठवडा होऊन गेला होता. झोपेत गेले म्हणे. मी त्याच आठवड्यात निघाले.

काकू दारातच उभ्या होत्या. उंच, किडकिडीत, डोक्यावरून पदर. मी नाव सांगितलं तर म्हणाल्या, "लिहिणारी ना तू? ये." त्यांनी आत बसवलं, पाणी दिलं. मी कशासाठी आले होते ते मलाच नीट सांगता येईना. मी विचारलं, "काकू, इथे आल्यावर काही लिहिलं का त्यांनी? तुम्हाला, नाहीतर मुलाला सांगून?"

"नाही गो. वही आणून दिली होती मुलानं. कोरी आहे. आले तेव्हा त्यांना एवढंसंच दिसायचं." त्यांनी बोटांचा रुपयाएवढा गोल केला. "रोज सकाळी मला अंगणात उभं करायचे, उन्हात. आणि बघायचे. एक दिवस डोळा. एक दिवस कपाळ. एक दिवस इथला हा व्रण. शेजारच्या बाया हसायच्या, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हटलं, अहो, पुरे. म्हणाले, उभी राहा, मला वेळ लागतो. चार महिने गेले तसे."

"मग?"

"मग दिसायचं बंद झालं. तरी उभं करायचेच. मी म्हटलं, आता काय बघता? तर म्हणाले, बघून झालेलं परत बघतोय." काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "मी विचारलं होतं हो, लिहीत का नाही म्हणून. बाई, मला कळलं नसतं, पण विचारलं. म्हणाले, सगळा वेळ यातच जातो."

काकू उठल्या, मला अंगणात घेऊन गेल्या आणि तुळशीच्या बाजूची एक जागा दाखवली. इथे, म्हणाल्या. तिथे सकाळचं ऊन आलं होतं. मी नुसती बघत उभी होते, तर त्यांनी माझ्या दंडाला धरून मला त्या जागेवर उभं केलं, दोन पावलं मागे झाल्या आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहू लागल्या. घाई न करता, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मला मान खाली घालावीशी वाटत होती, पण मी घातली नाही. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "चल, जेवून घे," आणि आत गेल्या. मी आणखी थोडा वेळ तिथेच उभी राहिले.